खंडेनवमीचं रीळ

वारूळवाडीत येण्याआधी मी एका जागी साठलेलं सगळ्यात जास्त पाणी पाहिलं होतं ते टँकरमध्ये. तेही आत डोकावून नाही, झाकणातून हिंदकळून रस्त्यावर सांडायचं तेवढंच. आमचं गाव परभणीच्या पलीकडं. तिथं नदी आहे, पण ती नकाशात. अशा गावची मी आज मासे धरायची रिळं विकते. कुणी विचारलं, "ताई, धरणाला कोणतं घेऊ अन् समुद्राला कोणतं?" तर सांगतेसुद्धा. 

माझी शाळा आठवीला सुटली. नववी शेजारच्या गावाला होती आणि तिकडं जायला काही नव्हतं. पुढं बहीण आणि दाजी टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला क्रेट भरायच्या कामाला आले, त्यांच्याबरोबर मीही आले. हंगाम संपला, ते परत गेले. मी राहिले, कारण काकूंनी ठेवून घेतलं.

काकू म्हणजे नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीतल्या दुकानाच्या मालकीण. दुकानात टोमॅटो बांधायची तार, सुतळी, ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, दोरखंड. घरामागची एक खोली त्यांनी मला दिली, वर रोज सकाळी चहा. पहिले सहा महिने मी तो चहा उभ्यानं प्यायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "बस की गं. तुला बघून माझंच पाय दुखत्यात." मग मी बसून प्यायला लागले, पण काठावर.

आता या दुकानात गळ कसे आले ते सांगते. आमच्या चहूबाजूंना धरणं. येडगाव, माणिकडोह, घोडेगावच्या वरच्या अंगाला डिंभे. रविवारी पुण्याच्या गाड्या थांबायच्या आणि आतून कुणीतरी विचारायचं, गळ आहे का, तंगूस आहे का. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. काकू वर्षभर नाही म्हणाल्या. एक दिवस म्हणाल्या, "एवढी माणसं रोज इचारत्यात म्हंजी ठेवाय पायजे. आपुन काय खायला सांगत न्हाई कुणाला."

अडचण एकच होती. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. माशाच्या वस्तूला त्या हात लावत नसत. त्यांच्याकडं एक लाकडी पट्टी होती, तिनं लांबूनच दाखवायच्या. "ती तिसरी, निळ्या डबीतली. तिच्या मागची." त्यामुळं तो रॅक माझ्या वाट्याला आला. हुशार म्हणून नव्हे. मला हात लावायला चालत होतं म्हणून.

खोक्यांवरचं सगळं इंग्रजी. मी एकेक अक्षर लावत वाचायचे, तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. मोबाइलवर एक हिंदीतला माणूस सापडला, तो दर दोन वाक्यांनी 'दोस्तों' म्हणायचा आणि रीळ उघडून दाखवायचा. बाकीचं मी गिऱ्हाइकांकडूनच शिकले. एकाला विचारायचं, "साहेब, तुम्ही कोणतं वापरता?" तो अर्धा तास बोलायचा. पुढच्या रविवारी तेच दुसऱ्याला सांगायचं. तो मान हलवायचा आणि वर स्वतःचं थोडं घालायचा.

पण सगळे एकसारखं थोडंच बोलतात? एक म्हणायचा रीळ जड पाहिजे, मी म्हणायचे हो. दुसरा म्हणायचा हलकं पाहिजे, मी म्हणायचे तेही खरंच. आण्याच्या पठारावरचा एक शेतकरी दर महिन्याला सगळ्यात जाड तंगूस न्यायचा. मला वाटलं, मोठा मासेवाला असणार. एकदा धीर करून विचारलं, "दादा, पठारावर गळ टाकता कुठं?"

"गळ कसला? प्यायला पाणी न्हाई तिथं. ज्वारीला पाखरं लई बसत्यात. मेढी रोवून तंगूस ताणतो. त्यास्नी दिसत न्हाई, पंखाला लागतं."

आदल्या महिन्यात याच माणसाला मी म्हणाले होते की मरळ माशाला हाच तंगूस चांगला. त्यानं तेव्हा "व्हय का" म्हणून ऐकून घेतलं होतं. त्याचा चांगुलपणा.

रिळांचे आकडे हा आणखी एक घोळ. रिळावर दोन हजार, चार हजार, सहा हजार असे आकडे असतात. ते मापाचे. आकडा मोठा तेवढं रीळ मोठं. पण आमच्याकडं आकडा दिसला की माणूस तो किमतीचा धरतो. "चार हजार? राव, एवढ्यात करडू येतंय." मी घाबरून "नाही नाही, तसं नाही," म्हणेपर्यंत तो स्कूटरवर बसलेला असायचा.

काकू हे गल्ल्यावरून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "तू समद्यास्नीच व्हय म्हणतीस. मंग मानसानं इचारायचं कुणाला?"

मी म्हणाले, "व्हय."

त्यांनी गल्ला लावला. मग म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू. रॅक चालला तर ठीक, नाहीतर तिथं पीव्हीसी पाइपाचे वाकडे जोड, एल्बो, लावू. एल्बो विकायला काकू एकट्या पुरे होत्या, म्हणजे मला गावाकडं जावं लागणार होतं. गावाकडं काय वाट बघत होतं ते इथं लिहीत नाही. मला जायचं नव्हतं, एवढं पुरे.

त्याच सुमाराला गुरुजी आले. घोडेगावकडचे, निवृत्त. डिंभ्याच्या पाण्यावर त्यांनी उभा जन्म हातानं दोरा टाकून मासे धरलेले, रीळ अगदी अलीकडं घेतलेलं. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि हिंग घालून आमिष करत आणि त्याचं प्रमाण मुलालाही सांगत नसत. त्यांची मुलगी दिली होती दापोलीकडं, समुद्राच्या काठी. तिचे सासरे, म्हणजे गुरुजींचे व्याही, खडकावर उभं राहून गरवणारे, म्हणजे गळ टाकणारे.

"गेल्या खेपेला मी माझं धरणाचं रीळ नेलं," गुरुजी म्हणाले. "तिसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्यानं धरलं, मूठ फिरेना. व्याह्यांनी ते दळण दळल्यासारखं फिरवून आल्या-गेल्याला ऐकवलं. म्हणाले, तुमचं धरण म्हणजे मोठा हौद हो, तिथं चालतं असलं." ते थांबले. "हौद म्हणाले."

काकू म्हणाल्या, "मंग दाखव त्यांना, समुद्राचं."

गुरुजींनी चष्मा लावून माझ्याकडं पाहिलं. "शिक्षण किती झालं?"

"आठवी."

"पूर्ण?"

"पूर्ण. वार्षिक परीक्षा दिली होती."

"बरं. धरणाच्या आणि समुद्राच्या रिळात फरक काय? तीन मुद्दे सांग."

 शाळा सुटल्यावर असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणाले, "एक, समुद्राचं रीळ आतून बंद पाहिजे, खारं पाणी शिरायला नको. दोन, माप मोठं पाहिजे. धरणात तीन-चार हजारचं पुरतं, तिकडं सहा हजारचं, कारण दोरा लांब टाकायचा असतो अन् मासा ओढून नेतो. तीन..." तीन आठवेना. "तीन, दोरा तंगुसाचा नको, विणलेला पाहिजे. तो बारीक असून तुटत नाही. खडकाला मात्र घासतो, म्हणून पुढं चार हात जाड तंगूस जोडायचा."

"आणि हे पुढचं बटण?"

रिळाच्या तोंडावर एक बटण असतं. ते आवळलं की दोरा घट्ट, सैल केलं की मासा ओढेल तसा दोरा सुटतो. ते कसं सांगावं मला कळेना. मग म्हणाले, "गाय बिथरली की आपण दावं एकदम धरून ठेवत नाही ना गुरुजी? थोडं सोडतो, थोडं धरतो. नाहीतर दावं तरी तुटतं नाहीतर आपण पडतो. हे बटण तेवढंच काम करतं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "उदाहरण बरं आहे. मागवा."

रीळ पुण्याहून आलं. काळं, चंदेरी कडेचं, पाण्याच्या मोटारीइतकं महाग. काकू म्हणाल्या, "ह्ये गेलं अन् गुरुजी खूश झालं तर तुजा रॅक ऱ्हायला. न्हाईतर म्या सांगितलंय काय ते." गुरुजी दसऱ्याच्या सकाळी येऊन घेऊन जाणार होते. त्याच दुपारी त्यांची पुण्याची एसटी, तिथून रात्रीची गाडी दापोलीला. पुढचे चार दिवस मी रोज तीनदा खोकं उघडून रीळ आत आहे ना ते बघत होते.

दसऱ्याच्या आदला दिवस खंडेनवमीचा. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची त्या दिवशी पूजा. काकूंचं दुकान सकाळी सहाला धुऊन निघालं. तराजू, ड्रिल, पाइप कापायची करवत, संगणक, स्कूटर, सगळं पाटावर किंवा पाटाशेजारी मांडलं. मी नव्या सुतळीचा गुंडा मांडत होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "रिळं कुठं हायती?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आण की. हत्यारंच हायती ती. वरीसभर कमावून देत्यात."

मी रॅकवरची बारा रिळं आणली. काकूंनी पट्टी बाजूला ठेवली आणि एकेक रीळ हातात घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा. तान्ह्या पोराला तीट लावावी तसं त्यांनी प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "गुरुजींचं?"

इथं मी बोलायला हवं होतं. काकू, ते विकलेलं आहे, त्याला नको. एवढंच वाक्य. पण त्या इतक्या मनापासून करत होत्या, त्यांनी मला खोली दिली होती, चहा दिला होता, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी जन्मभर म्हणत आले तेच होतं.

"व्हय काकू."

कुंकू तेलात कालवलेलं होतं, चिकटावं म्हणून. समुद्राचं रीळ महागाचं, म्हणून त्याला कुंकूही जास्त. पुढून, मागून, मुठीला. झेंडूची पाकळी दोरा गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीत खोवली. मग मूठभर अक्षता, वरून, मोकळ्या हातानं. तांदळाचे दाणे टपटप पडले. काही दोऱ्यावर अडकले, काही त्याखाली गेले. मी ते जाताना पाहिले. शेवटी नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. त्या रिळात खारं पाणी शिरत नाही असं मी गुरुजींना सांगितलं होतं. नारळाच्या पाण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

पूजा झाल्यावर काकू आत गेल्या. मी इकडं-तिकडं बघून मूठ थोडी फिरवली. आतून कर्रर्र आवाज आला.

"हात लावू नगंस," काकू आतूनच म्हणाल्या. "बसलंय हत्यार. उद्याची पूजा झाल्याबिगर हालवायचं नसतं."

आणि नेमके त्याच दुपारी गुरुजी आले. लेण्याद्रीला दर्शनाला गेले होते, म्हणाले वाटेत आहेच तर घेऊन जावं, उद्याची धावपळ नको.

मी पाटासमोर जाऊन उभी राहिले.

"बसलंय," काकू म्हणाल्या.

गुरुजींनी माझ्या खांद्यावरून पाटाकडं पाहिलं. तेरा रिळं झेंडूत बसली होती. "बसलंय तर बसलंय," ते म्हणाले. "पाटीपूजन झाल्यावर आम्हीही पाटी हलवू देत नव्हतो मुलांना. उद्या आठला येतो."

त्या रात्री मी झोपले की नाही ते आठवत नाही. सकाळी उत्तरपूजा झाली, काकूंनी अक्षता टाकून हत्यारं हलवली आणि साडीची घडी मोडायला आत गेल्या. मी रीळ घेऊन पायरीवर बसले. हातात दात घासायचा जुना ब्रश आणि ठिबकच्या टायमरचे बारके पेचकस. 'दोस्तों'वाल्याच्या व्हिडिओत तो म्हणाला, पहिल्यांदा उघडताना घाबरू नका. त्याला काय जातं म्हणायला?

आठ वाजायला दहा मिनिटं असताना गुरुजी आले. तोवर मी पुढचं बटण काढलं होतं, दोऱ्याची चकरी काढली होती, आणि एक पितळी चकती मांडीवरून घरंगळून पायरीखाली गेली होती. ती शोधायला मी पालथी पडले होते. गुरुजींना आधी माझे पायच दिसले.

"हे काय चाललंय?"

त्यांच्या आवाजानं काकू बाहेर आल्या. नवी साडी, हातात आपट्याची पानं. दोघांच्या मध्ये मी, हातात चकती, कपाळाला धूळ. आता काय म्हणायचं राहिलं होतं?

"रिळात अक्षता गेल्यात," मी म्हणाले. "आणि कुंकू. काल पूजेत. मूठ फिरवली की आवाज येतोय. मला माहीत होतं काकू, पूजा करतानाच माहीत होतं. बोलले नाही."

काकूंनी पानं गुरुजींच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवले. "का न्हाई बोललीस?"

"तुम्ही इतकं मनापासून करत होता."

"अगं, म्या मनापासून इहिरीत ढकलीन, तरी गप ऱ्हाशील का?"

 सवयीनं "व्हय" तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

"दुसरं मागवता येतं," मी म्हणाले. "पण ते आज येणार नाही. हे मी साफ करू शकते. वरून बंद आहे, त्यामुळं आतल्या दात्यांपर्यंत काही गेलेलं नाही, असं मला वाटतं. नक्की नाही. अर्धा तास लागेल. बघून घ्या, आणि आवडलं नाही तर नेऊ नका."

इतकं लांब मी त्या दुकानात पहिल्यांदाच बोलले होते.

गुरुजी पायरीवर बसले. "कर," म्हणाले. काकूही खाली बसल्या, पदर पसरला, आणि मी काढीन तो एकेक भाग पदरात धरायला लागल्या. माळ बाजूला सारून. मी ब्रशनं कुंकू काढलं, चकरीखालचे दाणे काढले. पाच निघाले. आवाज थोडा राहिलाच. कडीच्या टोकाला एक बारकी चाकी असते, दोरा तिच्यावरून फिरतो. तिच्यात एक दाणा अडकला होता, अर्धा मोडलेला. गुरुजींनी तो चष्म्यातून बघितला.

"आंबेमोहोर," म्हणाले.

"इंद्रायणी," काकू म्हणाल्या. "आमच्याच शेतातला."

बटणाखालच्या चकत्या मी कोरड्या फडक्यानं पुसल्या. त्यांना तेल लागलं की पकड जाते. सगळं परत बसवलं. मूठ फिरवली. आवाज नाही.

"आवाज जाणं ठीक," गुरुजी म्हणाले. "ताण घेतंय का ते बघू." त्यांनी रॅकवरच्या गळाच्या काठीला रीळ लावलं, दोरा ओवला आणि त्याचं टोक काकूंपुढं धरलं. "मावशी, ओढा."

"म्या?"

"जोरात ओढा. पळा म्हटलं तरी चालेल."

काकूंनी टोक मनगटाला गुंडाळलं आणि रस्त्यानं चालू लागल्या. रीळ किर्र करून दोरा सोडत राहिलं, एकसारखं, न अडखळता. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी पोचल्यावर गुरुजींनी बटण थोडं आवळलं. काकूंचा वेग कमी झाला, पण त्या हटल्या नाहीत. दसऱ्याचा दिवस, रस्ता भरलेला. नवी साडी नेसलेली माळकरी बाई मान खाली घालून दोरा ओढतेय आणि मागं एक म्हातारा काठी धरून तिला आवरतोय.

पंक्चरवाल्यानं विचारलं, "गुरुजी, क्या लगा है?"

"बघतोय," गुरुजी म्हणाले. "दमदार आहे."

"चेष्टा नगं," काकू लांबूनच म्हणाल्या. "गुंडाळा आता, तरच येते."

गुरुजींनी मूठ फिरवत फिरवत काकूंना दुकानापर्यंत आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याला हसणंही कारण होतं. गुरुजी रीळ घेऊन गेले. जाताना मी त्यांना दोनदा सांगितलं: रोज संध्याकाळी बटण आवळून नळाच्या गोड्या पाण्यानं धुवा, जोराच्या धारेखाली धरू नका, सावलीत वाळवा. तिसऱ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, "मीच शिकवायचो, पोरी. मला दोनदात कळतं."

मग फोनची वाट बघणं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी काकूंना पाच वेळा विचारलं, दापोलीला रेंज असते का. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"मासा?" काकूंनी विचारलं.

"दोन दिवस काही नाही," गुरुजी म्हणाले. "काल एक तांबोशी. मोठी नाही. पण ते सोडा. व्याह्यांचं रीळ धरलं. मिठानं. दळण दळतंय."

  त्यांच्या आवाजातच सगळं होतं.

मग पलीकडून दुसरा आवाज आला. व्याही. "ह्यांच्याकडचा रीळ बघितला. मला पण पाठवा. पण हा बारका वाटतो. मला दहा हजारचा पाठवा, सगळ्यात मोठा."

मला काकूंकडं बघायचं होतं, पण मी फोनकडंच बघत राहिले.

"नको," मी म्हणाले.

पलीकडून "काय?" आलं.

"दहा हजारचं होडीतून खोल पाण्यात टाकायला असतं," मी म्हणाले.  "खडकावर उभं राहून दिवसभर धराल तर मनगट धरेल. तुम्हाला सहा हजारचं पुरतं. फार तर आठ. दहा मी देणार नाही."

"चाळीस वर्षं गरवतोय मी," व्याही म्हणाले.

"म्हणूनच सांगते. मनगटानंही चाळीस वर्षं गरवलंय."

मागं गुरुजी हसल्याचा आवाज आला. व्याही म्हणाले, कळवतो, आणि फोन बंद झाला.

"गिऱ्हाईक घालवलंस," काकू म्हणाल्या.

 गल्ल्यातून त्यांनी वही आणि पेन काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"दिवाळीनंतर रॅकला काय काय लागंल ते लिही. म्या पुण्याला फोन करते."

मी लिहायला बसले. धरणाला काय, समुद्राला काय, कोणत्या मापाचे गळ, दोऱ्याच्या वजनाला किती शिसं. तीन पानं भरली. काकूंनी चष्मा लावून ती वाचली आणि दीड पान खोडलं. तीन ओळींवरून मी वाद घातला. एक परत मिळाली.